पदक गळ्यात, पण शिट्टी कुणाच्या हातात?

खेळाडू जिंकून आला की आपण त्याला एकच प्रश्न विचारतो. पदके किती? मग हार-तुरे होतात, फेटा बांधला जातो, उघड्या जीपमधून मिरवणूक निघते आणि खेळाडूपेक्षा मोठ्या आकाराचे पुढाऱ्यांचे फोटो असलेले फलक चौकाचौकात लागतात. आठ दिवसांनी फलक फाटतो. त्या खेळाडूने स्पर्धेच्या आदल्या महिन्यात दोन्ही वेळ पोटभर खाल्ले होते काय, तिशी गाठल्यावर गुडघे थकले की तो पोट कशावर भरणार आणि ज्या खेळात त्याने उमेदीची वर्षे घातली त्या खेळाचे निर्णय घेणाऱ्यांच्या खुर्चीत तो कधी बसणार की नाही, हे प्रश्न कुणी विचारत नाही. आज आम्ही नेमके हेच प्रश्न विचारणार आहोत. त्यासाठी आम्हाला मुंबई-दिल्लीला जायची गरज नाही. आमचा धाराशिव जिल्हा, ज्याला २०२३ पर्यंत उस्मानाबाद म्हणत, तोच पुरेसा आहे.

धाराशिव म्हटले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, तुळजापूरचे मंदिर आणि दुष्काळ. २०१८ साली नीती आयोगाने देशातील मागासलेल्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित जिल्हे’ असे गोंडस नाव देऊन जी यादी केली, त्यात महाराष्ट्रातल्या नंदुरबार, गडचिरोली आणि वाशिमच्या जोडीला आमचा जिल्हा होता. दिवाळी झाली की येथील गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात, दारांना कुलपे लागतात आणि म्हाताऱ्यांच्या भरवशावर लेकरे मागे राहतात. अशा जिल्ह्याने देशाला काय दिले, तर खो-खोची खेळाडू दिली. एक नव्हे, पिढ्यान् पिढ्या दिल्या. त्यातलेच एक नाव म्हणजे सारिका काळे.

२०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी येथे दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. खो-खोला त्या स्पर्धांमध्ये पदकाचा खेळ म्हणून पहिल्यांदाच स्थान मिळाले होते. भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले आणि त्या संघाची कर्णधार होती धाराशिवची सारिका. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे वाचकांना आठवत असेल. ज्या भागात प्यायला पाणी नव्हते, त्या भागातली मुलगी देशाच्या संघाच्या पुढे उभी राहून सुवर्णपदक घेत होती. वर्तमानपत्रांनी पाण्याच्या रेल्वेचे फोटो पहिल्या पानावर छापले. ते योग्यच होते. पण खो-खोच्या सुवर्णपदकाला किती ओळी मिळाल्या, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

ही मुलगी कुठून आली? २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तिने आपली कहाणी पत्रकारांना स्वतःच सांगितली. जवळजवळ दहा वर्षे तिने दिवसाला एकच वेळ जेवून खेळ केला. वडिलांना शारीरिक अपंगत्व असल्याने त्यांच्याकडून फारशी कमाई होत नव्हती. आई शिवणकाम आणि घरकाम करायची. सगळे कुटुंब आजी-आजोबांच्या कमाईवर चाललेले. वयाच्या तेराव्या वर्षी काकाने तिला मैदानावर नेले आणि तिथून ती खो-खोची झाली. खेळाडूला लागतो तसा चौरस आहार तिला मिळायचा तो फक्त संघाच्या सराव शिबिरात.

वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, अशी आमची विनंती आहे. शिबिर असेल तेव्हाच पोटभर जेवण! म्हणजे राज्याच्या संघात निवड होणे हा तिच्यासाठी मानाचा भाग होताच, पण तो ताटातल्या दुसऱ्या भाकरीचाही प्रश्न होता. वातानुकूलित दालनात बसून आहारतज्ज्ञाचे तक्ते वाचणाऱ्या क्रीडा पदाधिकाऱ्यांना हे कधी कळणार?

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. सारिका कोणत्या समाजाची हे आम्ही तपासले नाही आणि तपासण्याची आम्हाला गरजही वाटत नाही. एक वेळ जेवून मैदानात उतरणारी प्रत्येक मुलगी आमची आहे. बाबासाहेबांचा लढा माणसाच्या प्रतिष्ठेचा होता आणि भुकेल्या पोटी देशासाठी धावणाऱ्या मुलीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न त्या लढ्याच्या बाहेरचा नाही.

आता खो-खोच का, हेही समजून घेतले पाहिजे. क्रिकेटची एक बॅट घ्यायची तर मजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. टेनिसचे नावच नको. खो-खोला काय लागते? दोन खांब, फक्कीने आखलेल्या रेषा आणि पायात बळ. म्हणून हा खेळ गरिबांच्या मुलींपर्यंत पोहोचला. पण गरिबांचा खेळ म्हणून त्याच्या वाट्याला वागणूकही गरिबाचीच आली. अर्जुन पुरस्काराचा हिशेब बघा. १९७० साली सुधीर परब यांना खो-खोतला पहिला अर्जुन मिळाला. पुढच्याच वर्षी अचला देवरे यांना मिळाला. त्यानंतरही काही नावे आली. मात्र १९९८ साली शोभा नारायण यांना पुरस्कार मिळाल्यानंतर जी खीळ बसली, ती थेट २०२० पर्यंत! तब्बल २२ वर्षे या देशाच्या सरकारला खो-खोत एकही खेळाडू अर्जुनाच्या लायकीचा दिसला नाही. या बावीस वर्षांत किती मुली आल्या, धावल्या, जिंकल्या, लग्न करून गेल्या आणि विस्मृतीत गाडल्या गेल्या, याची मोजदाद कुणी ठेवली आहे काय? २९ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी दूरदृश्य प्रणालीवरून पुरस्कार दिले. कोरोनाचा काळ होता. त्या दिवशी अर्जुन मिळालेल्या २७ जणांत सारिकाचे नाव होते. बावीस वर्षांचा दुष्काळ आमच्या दुष्काळी जिल्ह्यातल्या मुलीने संपवला.

पण हा टप्पा येण्यापूर्वीच तिची कहाणी संपली असती. २०१६ याच वर्षी घरच्या अडचणींनी ती पुरती खचली होती आणि खेळ सोडून देण्याचा तिने निर्णय घेतला होता, असे तिचे प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांनी सांगितले आहे. तिची समजूत घालण्यात आली, ती पुन्हा मैदानावर आली आणि तिथूनच तिचे आयुष्य पालटले. देशाची कर्णधार होण्याच्या लायकीची खेळाडू घरच्या ओढगस्तीपायी मैदान सोडायला निघते आणि तिला थांबवायला उभा कोण राहतो? शासन नव्हे, महासंघ नव्हे, कोट्यवधींचे पुरस्कर्ते नव्हेत. रोज संध्याकाळी मैदानावर शिट्टी घेऊन उभा राहणारा एक प्रशिक्षक! जिथे असा प्रशिक्षक नव्हता, तिथल्या किती सारिका घरी परतल्या असतील?

आम्हाला आजच्या लेखात मुख्यतः बोलायचे आहे ते या शिट्टीबद्दल. मैदानावर ज्याच्या हातात शिट्टी असते, तो ठरवतो की संघात कोण येणार, कुणाला संधी मिळणार, हरलेल्याला धीर मिळणार की हाकलले जाणार. पळणारा पळतो आणि शिट्टीवाला ठरवतो. आमचा सवाल असा आहे की, उपाशीपोटी पळणाऱ्याच्या हातात ही शिट्टी कधी येणार?

खो-खोचा नियम सर्वांना ठाऊक आहे. आठ जण पाटीवर बसतात, एकाचे तोंड इकडे तर शेजाऱ्याचे तिकडे. नववा पळणाऱ्याच्या मागे धावतो. बसलेल्याच्या अंगात कितीही वेग असो, गडी अगदी हाताच्या अंतरावरून जात असो, पाठीमागून ‘खो’ मिळाल्याशिवाय त्याला उठता येत नाही. उठल्यावरही एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. खेळात हा नियम सर्वांना सारखा असतो, म्हणून त्यात मजा आहे. आठवा बसलेला थोड्या वेळाने धावतो, धावणारा बसतो. पण समाजात काय होते? काही जण पिढ्यान् पिढ्या बसलेलेच आणि खो देण्याचा अधिकार मात्र ठरावीक घराण्यांकडे!

धावण्याचा आमच्या समाजाशी जुना संबंध आहे आणि तो सुखाचा नाही. वतनदारीच्या काळात महाराने काय करायचे? पाटलाचा सांगावा घेऊन परगावी धावायचे, सरकारी टपाल पोहोचवायचे, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचे, रात्री-अपरात्री हाक आली की भाकरी टाकून उठायचे. कुठे धावायचे, कधी धावायचे, किती धावायचे हे ठरवणारा दुसराच. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी आयुष्य वेचले. याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब स्वतः तिथे आले होते. वतने कायद्याने गेली ती पुढे १९५८ च्या कायद्याने. आमच्या बापजाद्यांच्या पायात वेग नव्हता काय? होता. फक्त तो वेग त्यांच्या मालकीचा नव्हता. म्हणून पदक मिळाले की आमचे समाधान होत नाही. वेग आमचा आणि निर्णय दुसऱ्याचा, ही वतनदारी मैदानावर तरी संपली आहे काय, हे आम्ही तपासतो.

इतिहास सांगतो की ती सहजासहजी संपत नाही. पळवणकर बाळू यांचे नाव चळवळीच्या वाचकांना सांगायला नको. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी रोलर फिरवून तयार करणारा, जाळ्यात साहेबांना चेंडू टाकणारा चांभार समाजातला हा तरुण त्या काळचा देशातला सर्वश्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज ठरला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदूंच्या संघाला त्याचे चेंडू चालत होते. चहा मात्र त्याला मैदानाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यातून! आणि कर्णधारपद? ते त्याला कधीच मिळाले नाही. बाळूंच्या बोटातली कला हवी होती, पण मैदानावर ब्राह्मणाला ‘तू इथे उभा राहा’ असे सांगण्याचा अधिकार अस्पृश्याला द्यायचा नव्हता. १९२० साली पळवणकर बंधूंनी याविरुद्ध बंड केले. तेव्हा कुठे १९२३ साली बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. त्यांनी संघाला विजय मिळवून दिला आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. पुढे बाळूंनी १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहावे, हा इतिहासाचा दुर्दैवी भाग आहे. पण त्यामुळे मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय लहान होत नाही. चेंडू टाकायला तू, हुकूम द्यायला मी, हीच ती वृत्ती.

जग कसे चालते, तेही पाहू. दक्षिण कोरिया हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाएवढाही नाही. तिथला होंग म्युंग-बो हा फुटबॉलपटू १९९० ते २००२ अशा सलग चार विश्वचषकांत खेळला. २००२ चा विश्वचषक कोरिया आणि जपानने मिळून भरवला. त्यात होंगच्या नेतृत्वाखाली कोरियाने थेट उपांत्य फेरी गाठली आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंत त्याला तिसरा क्रमांक मिळाला. खेळ थांबल्यावर तो घरी बसला नाही. त्याला तरुण संघांचे प्रशिक्षकपद दिले गेले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याच्या संघाने जपानला हरवून कांस्यपदक जिंकले. २०१४ च्या विश्वचषकात मात्र त्याचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. परतल्यावर विमानतळावर चाहत्यांनी संघावर टॉफ्या फेकून संताप व्यक्त केला आणि त्याने राजीनामा दिला.

आमच्या दृष्टीने खरी गोष्ट इथून पुढे आहे. हरलेल्या होंगला त्या देशाने अडगळीत टाकले नाही. तो त्यांच्या फुटबॉल संघटनेच्या कारभारात पदाधिकारी झाला. नंतर उल्सान क्लबचा प्रशिक्षक झाला, २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने देशातली साखळी स्पर्धा जिंकून दिली आणि २०२४ साली तो पुन्हा राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक नेमला गेला. त्या नेमणुकीवर तिथे बराच वाद झाला, संसदेत प्रश्न विचारले गेले, हेही खरे. वाद होऊ द्या. पण खेळाडू, प्रशिक्षक, पदाधिकारी आणि पुन्हा प्रशिक्षक हा रस्ता तिथे आहे. पडलेल्याला दुसरी संधी आहे. आपल्याकडे दुसरी संधी कुणाला मिळते? ज्याच्या घरी चार पिढ्यांची शिदोरी आहे त्याला मिळते. एक वेळ जेवून खेळणारी मुलगी एकदा खचली की तिच्यासाठी दारे बंद होतात.

म्हणूनच सारिकाच्या कहाणीतला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग सुवर्णपदकाचा नाही आणि अर्जुन पुरस्काराचाही नाही. तो आहे तिच्या नोकरीचा. अर्जुन जाहीर झाला तेव्हा ती तुळजापूर येथे राज्य शासनाची क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. वय अवघे सत्तावीस. नोकरीमुळे तिच्या घराला आर्थिक स्थैर्य आले. ज्या आजी-आजोबांच्या कमाईवर घर चालले, त्या घरात पगार आला. ही गोष्ट लहान नाही.

त्याहून मोठी गोष्ट त्या खुर्चीची आहे. क्रीडा अधिकारी म्हणजे काय, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते. शालेय स्पर्धा भरवणे, क्रीडा संकुलाची देखरेख, व्यायामशाळा आणि मैदानाच्या अनुदानाचे प्रस्ताव पुढे पाठवणे, दहावी-बारावीच्या खेळाडू विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या गुणांची कागदपत्रे तपासणे, ही सर्व कामे या यंत्रणेतून होतात. कोणत्या गावच्या शाळेला स्पर्धेची सूचना वेळेवर पोहोचते आणि कोणत्या तांड्यावरच्या शाळेला स्पर्धा उरकल्यावर कळते, हे या टेबलावर ठरते. या खुर्चीत कधी मैदान न पाहिलेला माणूस बसला तर त्याला फाईल दिसते. भूक सोसून खेळलेली स्त्री बसली तर तिला फाईलीमागची मुलगी दिसण्याची शक्यता असते. बाबासाहेबांनी माऱ्याच्या जागा सांगितल्या त्या याच अर्थाने. जिथून निर्णय होतो ती जागा आपल्या माणसांच्या हाती हवी. आपण माऱ्याच्या जागा म्हटले की कलेक्टर, सचिव, न्यायाधीश यांचाच विचार करतो. तालुक्याचा क्रीडा अधिकारी ही देखील माऱ्याची जागा आहे. संघाचा प्रशिक्षक, निवड समितीचा सदस्य, संघटनेचा सचिव याही माऱ्याच्या जागा आहेत. आणि आपले लक्ष नेमके या जागांकडे नाही.

लक्ष कुणाचे आहे, तर चोरांचे! महाराष्ट्र शासनाने २००५ च्या निर्णयाने शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण ठेवले आणि २०१६ मध्ये त्यात सुधारणा केल्या. हेतू चांगला होता. पण अलीकडच्या काळात राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली. ज्यांनी मैदानाची धूळ पायाला लावली नाही अशांनी खोट्या प्रमाणपत्रांवर नोकऱ्या बळकावल्या. एक प्रमाणपत्र बोगस निघते तेव्हा एका खऱ्या खेळाडूच्या घरची चूल विझते. बोगस जातप्रमाणपत्रांविरुद्ध आपण वर्षानुवर्षे आवाज उठवत आलो आहोत. बोगस क्रीडा प्रमाणपत्र ही त्याच चोरीची धाकटी बहीण आहे. तिच्याविरुद्धही तेवढाच आवाज उठला पाहिजे.

परिस्थिती थोडी बदलली आहे, हे आम्ही नाकारत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्याच शहरात श्री तुळजाभवानी क्रीडा संकुलावर वरिष्ठ गटाची राष्ट्रीय खो-खो स्पर्धा झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भरला. १९ जानेवारीला भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवून तो जिंकला, त्याच दिवशी पुरुषांनीही नेपाळलाच ५४-३६ ने नमवले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. सारिका ज्या मातीत घडली त्याच मातीतली ही पुढची मुलगी. महाराष्ट्र शासनाने विश्वविजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि नोकरी देण्याचे जाहीर केले. कर्नाटकच्या दोन खेळाडूंनी त्यांच्या सरकारने देऊ केलेले पाच लाख रुपये नाकारले आणि महाराष्ट्राकडे बोट दाखवले. खो-खोच्या खेळाडूने सरकारला ‘एवढ्याने भागणार नाही’ असे तोंडावर सांगावे, ही २०१६ साली कल्पनेतही न बसणारी गोष्ट होती. तो स्वाभिमान आम्हाला आवडला.

पण सावध राहण्याची गरज आहे. खेळात पैसा आला, मॅट आली, दूरचित्रवाणी आली, व्यावसायिक लीग आली की त्या पाठोपाठ प्रस्थापितही येतात. कबड्डीत काय झाले ते आपण पाहिले. गिरणगावात आणि खेड्यापाड्यांत कष्टकऱ्यांनी जगवलेला खेळ मोठा झाला आणि संघांचे मालक मात्र धनदांडगे झाले. खो-खोतही धावणाऱ्या आमच्या मुली, मालक भांडवलदार, पदाधिकारी राजकारणी असे झाले तर ती नव्या कपड्यातली जुनी वतनदारीच होईल. आजही मुलींच्या संघांना महिला प्रशिक्षक किती आणि राज्य-जिल्हा संघटनांच्या कार्यकारिणीत माजी महिला खेळाडू किती, हा प्रश्न प्रत्येक जिल्ह्यात विचारून पाहा. उत्तर देणाऱ्यांची मान खाली जाईल.

मग आपण काय करायचे? शासनाकडे मागण्या आहेतच. सराव शिबिराबाहेरही, वर्षाचे बारा महिने गरीब खेळाडू मुलींना सकस जेवण मिळाले पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांच्यासाठी वसतिगृह हवे, म्हणजे आई-बाप ऊसतोडीला गेले तरी मुलीचे मैदान सुटणार नाही. शाळांतली क्रीडा शिक्षकांची पदे भरली पाहिजेत आणि ती भरताना राष्ट्रीय स्तरावर खेळलेल्या मुलींना प्राधान्य हवे. निवृत्त खेळाडूंना प्रशिक्षकाचे शास्त्रशुद्ध शिक्षण शासनाच्या खर्चाने मिळाले पाहिजे. भूम, परंडा, वाशी, लोहाऱ्यासारख्या तालुक्यांतल्या मुलीला सरावासाठी धाराशिव गाठावे लागू नये.

पण सगळे शासनावर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. १४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात. एका रात्रीच्या दणदणाटावर जेवढा पैसा जातो, तेवढ्यात एका खेळाडू मुलीचे वर्षभराचे दूध, अंडी आणि प्रवासखर्च भागतो. आम्ही जयंती करू नका म्हणत नाही. जयंती जोरात करा. पण प्रत्येक जयंती मंडळाने वस्तीतली एक मुलगी आणि एक मुलगा खेळाडू म्हणून दत्तक घ्यावा, एवढे मागणे फार आहे काय? बुद्धविहाराशेजारी मोकळी जागा असेल तिथे दोन खांब रोवायला कुणाची परवानगी लागते? सकाळी वंदना, संध्याकाळी खो-खो असे का होऊ नये? आणि आपल्या वस्तीतून कुणी राज्य पातळीवर खेळले असेल, तर लग्न झाले म्हणून तिला चुलीपुरते ठेवू नका. तिच्या हातात शिट्टी द्या. तिला वस्तीतल्या वीस मुली सांभाळायला द्या. चळवळीच्या अधिकारी मंडळींनीही मुलांना स्पर्धा परीक्षेची पुस्तके देताना क्रीडा अधिकारी, क्रीडा शिक्षक, पंच, प्रशिक्षक या वाटांचीही माहिती द्यावी.

सारिका काळेची कहाणी एकट्या मुलीच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच, आम्ही तिला मानाचा मुजरा करतो. पण ‘बघा, गरिबीतूनही माणूस वर येतो’ असे म्हणून ती कहाणी जे वापरतात, त्यांच्यापासून सावध राहा. दहा वर्षे एक वेळ जेवण ही कौतुकाची गोष्ट नाही, ती या व्यवस्थेसाठी लाजिरवाणी गोष्ट आहे. तिच्या मागे आजी-आजोबांचे कष्ट होते, मैदानावर नेणारा काका होता, खचल्यावर हात धरणारा प्रशिक्षक होता आणि शेवटी शासनाची नोकरी होती. यातला एक दुवा निखळला असता, तर बावीस वर्षांचा दुष्काळ आणखी लांबला असता. असे दुवे प्रत्येक मुलीच्या नशिबावर सोडायचे, की ते व्यवस्थेत कायमचे बसवायचे, एवढाच प्रश्न आहे.

आज संध्याकाळीही धाराशिवच्या मैदानावर मुली पाटीवर बसतील. कुणाचे तोंड इकडे, कुणाचे तिकडे. पाठीमागून ‘खो’ येण्याची वाट पाहत. त्यातली एखादी उद्या देशाकडून खेळेल आणि आपण तिला पुन्हा विचारू, पदके किती? या वेळी दुसराही प्रश्न विचारा. बाई, खेळ संपल्यावर तुमच्या हातात शिट्टी कोण देणार आहे? आणि उत्तर आले नाही, तर ती आपण दिली पाहिजे. जयभीम!